आवार क्रमांक सात

रांगेनं उभ्या केलेल्या तोफा वरून कशा दिसतात, असं कुणी विचारलं तर अलकनंदाबाई कारखानीस आधी काडेपेटी आणायला सांगायच्या. काड्या टेबलावर मांडायच्या, एकीला एक लागून, गुल सगळे एकाच बाजूला. मग स्टुलावर चढून खाली बघायचं. पाचशे किलोमीटर वरून जाणाऱ्या उपग्रहाला तोफ दिसते ती साधारण अशीच. फरक इतकाच, की ओढून न्यायच्या तोफेला मागे दोन पाय असतात, मिटलेल्या चिमट्यासारखे. एका टोकाला नळी, दुसऱ्या टोकाला पाय. ऊन तिरपं असेल तर तोफेपेक्षा तिची सावलीच जास्त ठसठशीत उमटते, म्हणून जाणता माणूस आधी सावल्या मोजतो.

एवढं सगळं सांगणाऱ्या या बाईंनी खरी तोफ पाहिली होती ती किल्ल्यांवर गंजून पडलेली, नाहीतर सव्वीस जानेवारीच्या परेडमध्ये. चौतीस वर्षं त्यांनी दिल्लीत केंद्र सरकारच्या एका खात्यात नोकरी केली आणि त्या चौतीस वर्षांत धरणांचं पाणी मोजलं, तेही धरणावर न जाता. आधी विमानातून काढलेले फोटो यायचे, नंतर उपग्रहाचे. पावसाळा संपला की धरण भरलेलं असतं. मग महिन्यामहिन्याला पाणी खाली जातं आणि कडेनं उघड्या मातीची पट्टी रुंदावत जाते. ती पट्टी मोजायची, उरलेलं पाणी काढायचं आणि सांगायचं, की कालवा अमुक तारखेपर्यंत चालेल, त्यानंतर बंद. त्यांची तारीख आठवड्याच्या वर कधी चुकली नव्हती. याचा त्यांना अभिमान होता, आणि तो लपवायची त्यांना गरज वाटत नसे.

निवृत्त झाल्यावर दिल्लीच्याच द्वारका भागात, सेक्टर अकरामधल्या सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर त्या एकट्या राहत होत्या. वरच्या मजल्यावर गायकवाडांचं घर. विश्वास गायकवाड कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या सरकारी अतिथिगृहात नोकरीला होते. अहमदनगरकडचं ख्रिस्ती कुटुंब, दिल्लीत येऊन तीस वर्षं झालेली. बायको कुमुद, आणि एकुलता एक मुलगा उल्हास. आजोबांचं नाव ठेवलेलं, त्यामुळे मित्र त्याला चिडवायचे, की यार, तुझं नाव ऐकून वाटतं तुझं पेन्शन सुरू असेल. उल्हासला पेन्शन सोडा, पगारही नव्हता. पंचविसाव्या वर्षी त्यानं एका एजंटाचं ऐकलं आणि उत्तरेकडच्या त्या बर्फाळ देशात गोदामात हेल्परची नोकरी म्हणून गेला. तिथे उतरल्यावर त्याच्यापुढे एक कागद ठेवला गेला. भाषा येत नव्हती. सही केली. पंधरा दिवसांनी त्याच्या अंगावर फौजेचे कपडे होते, आणि त्या देशाची लढाई तिसऱ्या वर्षात होती.

मार्चमधल्या एका दुपारी कुमुद खाली आली. चहा घेतला नाही, बसलीही नाही.

“ताई, तुम्ही आकाशातले फोटो बघायच्या ना ऑफिसात? मग तिथलं बघा ना काहीतरी. हे लोक लढाई कधी थांबवणार आहेत, ते तरी.”

“अगं, मी पाणी मोजायचे.”

“मग आता दुसरं काही मोजा.”

अलकनंदाबाई हसल्या, पण त्या रात्रीपासून शोधू लागल्या. इंटरनेटवर त्यांना एक मंडळ सापडलं. निरनिराळ्या देशांतली हौशी माणसं, कुणी शिक्षक, कुणी निवृत्त इंजिनिअर. त्या बर्फाळ देशानं पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या हजारो तोफा उघड्या आवारांत रचून ठेवल्या होत्या आणि आता लढाईसाठी त्या एकेक करून बाहेर काढत होता. मंडळी उपग्रहाची चित्रं मिळवायची आणि कोणत्या आवारात किती तोफा उरल्या ते महिन्याच्या महिन्याला मोजायची. प्रत्येकाला एकेक आवार वाटून दिलेलं. बाईंच्या वाट्याला आवार क्रमांक सात आलं.

त्यांनी जुन्या पद्धतीनंच काम सुरू केलं. चित्रावर चौकटी आखायच्या. प्रत्येक चौकट एकदा डावीकडून मोजायची, एकदा उजवीकडून. दोन आकडे जुळले नाहीत तर चहा करून प्यायचा आणि तिसऱ्यांदा मोजायची. एप्रिलमध्ये नळी शाबूत असलेल्या तोफा निघाल्या अकराशे चाळीस. मेमध्ये हजार वीस. जूनमध्ये नऊशे दहा.

नळी शाबूत असलेल्या, असं म्हणायचं कारण होतं. तोफेची नळी काही हजार गोळे टाकले की झिजते. मग आवारातल्या पडीक तोफेची नळी काढून लढाईतल्या तोफेला लावतात आणि सांगाडा तिथेच सोडतात. धरणातही असंच असतं. तळाशी काही पाणी उरतं, पण कालव्याच्या दारापर्यंत ते चढत नाही. खात्यात त्याला मृतसाठा म्हणत. बाईंनी बिननळीच्या तोफा त्या नावाखाली लिहिल्या आणि एकूण संख्येतून वजा केल्या.

दर महिन्याला चित्र आलं की त्या जिना चढून वर जायच्या आणि आकडा सांगायच्या. पुढे पुढे कुमुदला त्यांनी चित्र वाचायलाही शिकवलं. हे शिकवताना त्यांना विलक्षण आनंद व्हायचा.

“हे बघ, घाई नाही करायची. आधी सूर्य कुठे आहे ते शोध.”

“चित्रात सूर्य कुठून आणू?”

“सावली कुठे पडलीये? तिच्या उलट बाजूला सूर्य. हां. आता ही लांबुडकी काळी रेघ काय?”

“नळीची सावली.”

“शाबास. आणि ही?”

“हिला रेघच नाही. म्हणजे नळी नेली?”

“बिल्कुल. तुला माझ्या खात्यात पहिल्या दिवशी चिकटवली असती मी.”

विश्वासराव दारातून म्हणायचे, “चलो, घरात दोन-दोन अफसर झाल्या. आता भाजीला मीठ किती तेही वरूनच बघा.” आणि कुमुद हसायची. तो मुलगा गेल्यापासून ती तेवढ्यापुरतीच हसायची. म्हणून तर अलकनंदाबाई आकडा फोनवर न सांगता जिना चढत.

उल्हासचा फोन पंधरा दिवसांनी, तीन आठवड्यांनी यायचा. तो तोफेवर होता. गोळे उचलून द्यायचे, रिकाम्या पेट्या गोळा करायच्या, बर्फ खणायचं. नोव्हेंबरच्या मध्यावर एका संध्याकाळी नवरा-बायको दोघंही फोन हातात घेऊनच खाली आले. पलीकडे उल्हास होता.

“मावशी, नीट ऐका, पाचच मिनिटं आहेत. आमची तोफ दुरुस्तीला मागे आणलीये, एका गावात. हरियाणातले, जींदचे दोघं आहेत माझ्याबरोबर. ते गुरुवारी निघतायत. पावाची गाडी राजधानीला जाते, तिच्यात लपून. तिथे आपली एम्बसी आहे. मला पण चल म्हणतायत.”

“आणि पकडलं तर?”

“तर पुढच्या खंदकात पाठवतात. तिथून कोणी येत नाही.”

“आत्ता तू किती मागे असतोस?”

“पंधरा किलोमीटर. कधी अठरा. तोफ मागेच असते ना. मावशी, आई म्हणते तुमचा हिशेब आहे. अजून किती दिवस आहे हे?”

अलकनंदाबाईंनी वही उघडली. उघडायची गरज नव्हती, आकडा पाठ होता. साडेचारशे. महिन्याला शंभराच्या आसपास कमी होत होत्या, आणि मंडळातल्या बाकीच्या आवारांचीही हीच गत होती.

“मार्च,” त्या म्हणाल्या. “फार तर एप्रिल. त्यानंतर त्यांच्याकडे लढायला तोफ राहत नाही. धरण आटलं की कालवा बंद होतो, बाळा, कितीही बडा माणूस आला तरी कोरड्या धरणातून पाणी काढू शकत नाही. चार महिने. तू मागे आहेस, तोफेजवळ आहेस. तिथेच राहा.”



“नक्की ना, मावशी?”

“माझी तारीख चुकत नाही.”

“अच्छा. मग थांबतो.”

फोन ठेवल्यावर कुमुदनं त्यांचे दोन्ही हात धरले. विश्वासरावांनी फक्त “थँक्यू, ताई” म्हटलं आणि डोळे पुसायला गॅलरीत गेले. गुरुवारी जींदचे दोघं पावाच्या गाडीतून निघून गेले. उल्हास थांबला.

डिसेंबरात त्या देशावर ढग आले. उपग्रह रोज वरून जायचा आणि रोज ढगांची पांढरी चादर पाठवायचा. बाई वाट बघत राहिल्या. या रिकाम्या दिवसांत त्यांनी आठ महिन्यांच्या आकड्यांचा एक आलेख केला, खाली उतरत जाणारी एक सरळ, देखणी रेघ, आणि मंडळात पाठवून दिला. खाली लिहिलं, मार्चअखेर शून्य. पुष्कळांनी कौतुक केलं. बावीस डिसेंबरला एकाचं उत्तर आलं. तो म्हातारा तरुणपणी स्वतः तोफखान्यात होता. त्यानं विचारलं होतं, आलेख सुंदर आहे, पण तोफेवरच्या माणसांचं काय धरलंत?

बाईंनी लिहिलं, माणसं माझ्या गणतीत नाहीत.

त्याचं दुसरं उत्तर तासाभरानं आलं. त्यानं सावकाश, समजावून लिहिलं होतं. तोफ झिजली आणि बदली नळी मिळाली नाही, की तोफ मोडीत निघते. तिच्यावरची सात-आठ माणसं मोडीत निघत नाहीत. त्यांच्या हातात बंदूक देतात आणि पुढे पाठवतात. गेल्या वर्षापासून हेच चाललं आहे. तोफा जितक्या कमी, तितकी माणसं पुढे जास्त. तोफा संपल्यामुळे लढाई थांबेल असं मला वाटत नाही. तोफेचं काम ते माणसांकडून करून घेतील.

अलकनंदाबाईंनी ते तीनदा वाचलं. एखादी चौकट दोनदा मोजून आकडे जुळले नाहीत की तिसऱ्यांदा मोजावी, तसं. मग त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि चहा न करता परत आल्या. चौतीस वर्षांत त्यांनी धरण रिकामं होताना पाहिलं होतं, आणि धरण रिकामं झाल्यावर काय होतं तेही त्यांना ठाऊक होतं. दार बंद होतं आणि दारावरचा माणूस सायकल घेऊन घरी जातो. तोफेवरचा माणूसही घरी जाईल, असं त्यांनी कधी ठरवलं नव्हतं. त्या फक्त ते धरून चालल्या होत्या.

दोन दिवस त्यांनी वाक्यं जुळवली. चोवीस तारखेला दुपारी त्या वर गेल्या.

दारावर कागदाचा मोठा तारा लावलेला होता, आत तळणाचा वास भरला होता. मागच्या नाताळला गायकवाडांनी तारा लावला नव्हता. कुमुद जमिनीवर बसून करंज्या कातत होती आणि विश्वासराव शेजारी बसून त्या बिघडवत होते.

“या, या, ताई! बघा यांची करंजी. हिला बघून उपग्रहसुद्धा गोंधळेल, तोफ आहे की तंबू.”

“ती मॉडर्न आहे,” विश्वासराव म्हणाले. “ताई, काल रात्री फोन आला होता त्याचा. मजेत आहे. म्हणाला, तोफ अजून तिथेच दुरुस्तीला पडलीये, नळी मिळत नाही, त्यामुळे आराम आहे. म्हणाला, मावशींना सांगा, त्यांचा हिशेब बरोबर येतोय.”

“नळी मिळत नाही?” अलकनंदाबाई म्हणाल्या.

“नाही ना! मी म्हटलं, बरंच आहे. मार्चपर्यंत मिळूच नये.” कुमुदनं ताट त्यांच्यापुढे सरकवलं. “खा. बसा ना, उभ्या का?”

त्या बसल्या. जुळवलेली वाक्यं तोंडात होती. कुमुदच्या गालाला पीठ लागलं होतं आणि ती बोलत होती, मार्चमध्ये तो आला की आधी त्याला नगरला नेऊ, आजीच्या कबरीवर, मग इथे सोसायटीत सगळ्यांना जेवण. अलकनंदाबाई ऐकत राहिल्या. उद्या सण आहे, त्यांनी मनाशी म्हटलं. परवा सांगू. परवा कुमुदची बहीण पुण्याहून आली होती. मग रविवार आला, चर्चमधली मंडळी आली. एक जानेवारी होऊ दे, त्यांनी म्हटलं. आठ-दहा दिवसांनी काय बिघडणार आहे?

दोन जानेवारीला ढग फाटले आणि चित्र आलं. आवार क्रमांक सात पांढरंशुभ्र होतं. रांगांच्या जागी बर्फाचे उंचवटे होते, पण लांबुडक्या काळ्या रेघा जवळजवळ नव्हत्या. बाईंनी डावीकडून मोजलं, उजवीकडून मोजलं. अठ्ठावीस. दीड महिन्यात त्यांनी सगळं ओरबाडून नेलं होतं.

त्या चप्पल न घालताच वर गेल्या.

“कुमुद, उल्हासला फोन लाव. त्याला म्हणावं, जमेल तसा निघ. तोफ बंद पडली की तोफेवरच्या लोकांना पुढे पाठवतात. मला आजच कळलं.”

कुमुदनं आधी नीट ऐकून घेतलं. मग तिचा चेहरा हळूहळू बदलला.

“परवा रात्री त्याचा फोन होता,” ती म्हणाली. “एकतीसला. म्हणत होता, पावाची गाडी पुन्हा निघतेय, एक नेपाळी जातोय, मी जाऊ का. मी म्हटलं, नको. म्हटलं, मावशी म्हणतात मार्च.”

फोन लागला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही.

चौदा जानेवारीला सोसायटीतल्या मराठी मंडळींची बस दरवर्षीप्रमाणे पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला गेली. कुमुद घरात बसून वेडी होईल म्हणून विश्वासरावांनी तिला बळेच नेलं, आणि अलकनंदाबाई तिच्या शेजारी बसल्या. धुकं इतकं होतं, की स्मारकाचा खांब पंधरा पावलांवरून दिसत नव्हता. कुणीतरी घोषणा दिली, कुणी फुलं वाहिली. तेवढ्यात कुमुदच्या हातातला फोन थरथरला. उल्हासचा आवाज होता, रेकॉर्ड करून पाठवलेला, सोळा सेकंदांचा.

“आई, तोफ नेली. आम्हाला सगळ्यांना रायफली दिल्यात. आज रात्री पुढे नेणार आहेत. फोन घेतायत, हा शेवटचा मेसेज. मावशींना सांग, त्यांचा हिशेब बरोबर होता. पप्पांना सांग, मी बरा आहे.”

कुमुदनं तो तिथेच उभ्या उभ्या पाच-सहा वेळा ऐकला. मग तिनं तो अलकनंदाबाईंच्या कानाशी धरला, कारण त्यांच्यासाठी निरोप होता.

त्यानंतर काही आलं नाही. फेब्रुवारीत जींदचे दोघं घरी पोचले. त्यातला एक गायकवाडांना भेटायला म्हणून द्वारकेला आला आणि जिन्यातच रडू लागला. विश्वासरावांना त्यालाच पाणी द्यावं लागलं. मंडळानं आवार क्रमांक सात संपल्याचं जाहीर केलं आणि अलकनंदाबाईंचं अभिनंदन केलं. त्यांना दुसरं आवार देऊ केलं. त्यांनी उत्तर दिलं नाही.

जूनमध्ये परदेशात बेपत्ता झालेल्यांची चौकशी करणाऱ्या कचेरीतून बोलावणं आलं. आईचं रक्त हवं होतं. कुठे काही सापडलं, तर जुळवून बघायला. विश्वासराव म्हणाले, मला तिथे बसवणार नाही, मी ड्यूटीवर जातो. तेव्हा अलकनंदाबाई कुमुदबरोबर गेल्या. अधिकारी तरुण होता, नम्र होता. त्याच्यापुढे फॉर्म होता.

“आखिरी बार बात कब हुई?”

“एकतीस दिसंबर.”

“क्या बात हुई थी, माताजी?”

“वो निकलना चाहता था,” कुमुद म्हणाली. “मैंने मना किया.”

“आपने?”

“जी. मैंने कहा, वहीं रहो.”

अधिकाऱ्यानं मान खाली घालून ते लिहून घेतलं. अलकनंदाबाई बाजूच्या खुर्चीत बसून होत्या. कुमुदनं त्यांच्याकडे बघितलंही नाही. मावशी, मार्च, हिशेब, यातलं काहीच तिनं उच्चारलं नाही. सगळं तिनं एकटीनं स्वतःच्या नावावर घेतलं.

परतताना मंडी हाउसहून त्यांना मेट्रोच्या लेडीज डब्यात शेजारी शेजारी जागा मिळाली. कुमुदनं दंडावर चिकटवलेला कापूस दुसऱ्या हातानं दाबून धरला होता. राजीव चौकला गर्दी चढली, करोल बागला थोडी उतरली. राजौरी गार्डन गेलं. टिळक नगर गेलं.

“कुमुद,” अलकनंदाबाई म्हणाल्या, “मला ते दोन जानेवारीला कळलेलं नव्हतं.”

“काय?”

“तोफ गेली की माणसांना पुढे पाठवतात, ते. मला बावीस डिसेंबरला कळलं होतं. चोवीसला मी तेच सांगायला वर आले होते.”

कुमुदनं कापसावरचा हात काढला नाही. “मग?”

“नाही सांगितलं.”

“का?”

“सण होता. तुम्ही दोघं हसत होता.”

गाडी जनकपुरीला थांबली आणि सुटली. समोरच्या मुलीच्या मांडीवर एक बाळ झोपलं होतं, त्याचं डोकं प्रत्येक धक्क्याला हलत होतं. कुमुद त्याच्याकडे बघत होती.

“ताई, एकतीसला त्यानं तीनदा विचारलं मला. आई, जाऊ का? आई, जाऊ का गं? मी तीनदा नाही म्हटलं.” ती हळू बोलत होती, शेजारच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. “सहा महिने मी तेच ऐकतेय. यांना झोप लागते, मला लागत नाही. आणि तुम्ही रोज खाली होतात.”

“होते.”

“एक शब्द बोलला असतात, तर मी हो म्हटलं असतं.”

“हो.”

“हो काय, ताई?”

अलकनंदाबाईंनी माफी मागायला तोंड उघडलं, पण माफी फार लहान होती, हे त्यांनाच कळलं, आणि त्यांनी ते मिटलं.

उत्तम नगर आलं. कुमुदनं पहिल्यांदा त्यांच्याकडे मान वळवली. डोळे कोरडे होते.

“आता तरी खरं सांगाल?”

“विचार.”

“तो आहे का?”

फेब्रुवारीत अलकनंदाबाईंनी हाच प्रश्न त्या म्हाताऱ्या तोफवाल्याला विचारला होता. तोफेवरून खंदकात पाठवलेल्यांच्या याद्या त्यानं जमवल्या होत्या. कोण घरी बोललं, कोण दवाखान्यात सापडलं, कोण नाही, असं एकेक नाव लावून त्यानं मोजलं होतं. बाईंनी तो आकडा चार महिने कुणाला सांगितला नव्हता.

“दहात एक,” त्या म्हणाल्या. “दहातल्या एकाचा पत्ता लागतो.”

कुमुदनं ते तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं. मग तिनं श्वास घेतला, आणि सहा महिन्यांत दिसलं नव्हतं असं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर आलं, नाताळच्या आदल्या दिवशी होतं तसं.

“दहात एक म्हणजे आहे,” ती म्हणाली. “म्हणजे आहे, ताई. एक असतोच ना.”

इथे गप्प बसता आलं असतं. घर सात स्टेशनांवर होतं. तेवढा वेळ हा चेहरा असाच राहिला असता, कदाचित रात्रीपर्यंत राहिला असता.

“तो पहिल्या दोन महिन्यांचा आकडा आहे, कुमुद,” अलकनंदाबाई म्हणाल्या. “आता पाच झाले.”

“मग पाचव्याला किती?”

“त्यानं पुढे मोजलेलं नाही.”

“का नाही?”

“दोन महिन्यांनंतर यादीतलं कुणी नव्यानं सापडलंच नाही.”

नवादा येत असल्याची घोषणा झाली. कुमुद उठली. अलकनंदाबाईंना वाटलं, ती उतरतेय, म्हणून त्याही अर्धवट उठल्या. पण नवादा आलं, दारं उघडली, माणसं उतरली, चढली, दारं मिटली, आणि कुमुद दाराशी तशीच उभी राहिली, त्यांच्याकडे पाठ करून, एका हातानं दांडी आणि दुसऱ्या हातानं दंड धरून. शेजारची रिकामी झालेली जागा एका कॉलेजच्या मुलीनं विचारली, “आंटी, यहाँ कोई है?”

“नहीं,” अलकनंदाबाई म्हणाल्या, आणि पिशवी मांडीवर घेतली.